एका मालवाहू जहाजाचं प्रकरण: किलमेलवर नाव एकाचंच येतं

हे प्रकरण ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या ऑनलाइन खेळातल्या, चौदा जणांच्या एका छोट्या कॉर्पचं, म्हणजे खेळाडूंच्या संघाचं आहे. मीही त्या कॉर्पमध्ये होतो. खेळाडूंची, त्यांच्या पात्रांची आणि कॉर्पची ओळख पटेल असं काहीही दिलेलं नाही, भूमिकांवरूनच उल्लेख केले आहेत. आकडे कॉर्पच्या हिशेबातले आहेत, पूर्णांकात आणलेले. तेव्हाचा डिस्कॉर्ड लॉग पुन्हा सुरुवातीपासून वाचून हे लिहिलं आहे. वाचताना दोन ठिकाणी माझंच नाव माझ्या आठवणीपेक्षा वेगळ्या जागी सापडलं.

पार्श्वभूमी

ईव्ह 2003 साली आला. आइसलंडच्या सीसीपी कंपनीचा हा खेळ. खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: जहाज फुटलं की गेलं. मालाच्या प्रत्येक ढिगाची वाचण्याची शक्यता निम्मी. वाचला तर तो अवशेषांत पडतो आणि पहिला पोचेल तो घेऊन जातो. जहाज परत मिळत नाही.

प्रत्येक ताऱ्याला सुरक्षेचा आकडा असतो. 0.5 ते 1.0 म्हणजे 'हायसेक'. इथे विनाकारण कुणावर गोळी झाडली की कॉन्कॉर्ड नावाचे पोलीस येऊन हल्लेखोराचं जहाज उडवतात, आणि त्यातून सुटका नाही. नवे खेळाडू इथेच चुकतात. कॉन्कॉर्ड गुन्हा रोखत नाही, गुन्ह्याची शिक्षा देतो. 1.0 मध्ये तो सहा-सात सेकंदांत पोचतो, 0.5 मध्ये जवळपास वीस सेकंद घेतो. तेवढ्या वेळात पुरेशी स्वस्त जहाजं एकदम आली तर महागडं जहाज फोडता येतं. स्वस्त जहाजं मरणार हे धरूनच ती आलेली असतात. याला गँक म्हणतात, आणि ते नियमांत पूर्णपणे बसतं.

म्हणून या खेळात पहिल्या दिवसापासून एक वाक्य कानावर पडतं: जे गमावणं परवडत नाही ते घेऊन उडू नका. आमच्याही चॅनेलवर ते पिन केलेलं होतं. त्याच्याच खाली वर्षभरापूर्वी ठरवलेला आमचा नियम होता, की एका फेरीत एक अब्ज इस्कपेक्षा (इस्क म्हणजे खेळातलं चलन) जास्त माल न्यायचा नाही. तो शेवटचा कुणी वाचला असेल, देव जाणे.

प्रश्न कसा उभा राहिला

कॉर्पचं डोडिक्सी नावाच्या ताऱ्याच्या जवळ एक रायतारू होतं, म्हणजे कारखान्याचं छोटं स्टेशन. एका संध्याकाळी आमच्यावर युद्ध जाहीर झाल्याची नोटीस आली. जाहीर झाल्यापासून 24 तासांनी युद्ध लागू होतं. त्यानंतर समोरचे आम्हाला हायसेकमध्येही मारू शकतात आणि कॉन्कॉर्ड बघत बसतो.

कॉर्पच्या प्रमुखाने ठरवलं की रायतारूमधला माल 24 तासांच्या आत जिताला हलवायचा. जिता म्हणजे या विश्वातली सर्वांत मोठी बाजारपेठ. डोडिक्सीहून तिथपर्यंत पंधराच्या आसपास उड्या (गेटमधून एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर जाणं म्हणजे एक उडी) आणि वाटेत उएदामा हा तारा. उएदामाची सुरक्षा 0.5. मालवाहू जहाजं मारणाऱ्यांची ही जुनी, आवडती जागा, हे सगळ्यांना माहीत होतं.

समोर काय पर्याय होते

त्या रात्री चर्चा तीनच पर्यायांवर झाली: एकाच मोठ्या फेरीत नेणं, पाच-सहा लहान फेऱ्या करणं, किंवा बाहेरच्या वाहतूकदाराला तारण घेऊन कंत्राट देणं. कंत्राट वेळेत उचललं जाईल याची खात्री नव्हती. लहान फेऱ्यांना पूर्ण रात्र गेली असती आणि मालवाहू जहाज चालवणारी एकच व्यक्ती ऑनलाइन होती, पुढे तिला हॉलर म्हटलं आहे. उरली मोठी फेरी.

ज्यांची चर्चाच झाली नाही ते पर्याय मला जास्त महत्त्वाचे वाटतात.

पहिला: युद्ध कॉर्पशी असतं, कॉर्पबाहेरच्या पात्राशी नसतं. आमच्यातल्या निदान तिघांची दुसरी पात्रं कॉर्पबाहेर होती. त्यांनी आठवडाभर निवांत फेऱ्या मारल्या असत्या तरी युद्धाचा त्यांना स्पर्श झाला नसता. 24 तासांची जी घाई होती, ती खरी घाई नव्हतीच.

दुसरा: माल जिताला नेण्याची गरज नव्हती. एका उडीवर एनपीसी स्टेशन, म्हणजे खेळाडूंचं नसून खेळाचं स्वतःचं स्टेशन होतं आणि ते कुणालाच फोडता येत नाही. तिथे माल ठेवून युद्ध संपेपर्यंत थांबता आलं असतं.

तिसरा: काहीच न करणं. रायतारू एका हल्ल्यात पडत नाही, मध्ये संरक्षणाचे टप्पे असतात, दिवस जातात. पडलं तरी आतला माल 'अॅसेट सेफ्टी'त जातो आणि जास्तीत जास्त 15 टक्के शुल्क भरून परत मिळतो. आमच्या मालावर ते 96 कोटी झालं असतं. शेवटी आमचे 8 अब्ज गेले.

हे तीनही पर्याय कॉर्पमधल्या अनुभवी लोकांना माहीत होते. मलाही. पण "जिताला हलवू या" असं एकदा म्हटल्यावर पुढची सगळी बोलणी 'कसं हलवायचं' यावरच झाली. 'का हलवायचं' हे कुणी विचारलं नाही.

माल भरताना

मूळ बेत फक्त कॉर्पच्या मालकीचा माल नेण्याचा होता, 2.3 अब्जांचा. म्हणजे एक अब्जाचा नियम सुरुवातीलाच मोडला होता. प्रमुखाचं म्हणणं, आणीबाणी आहे. मग कुणीतरी विचारलं, "अजून जागा आहे का गं?" हॉलरने लिहिलं, "आहे थोडी." पुढच्या दीड तासात नऊ जणांनी आपापला माल चढवला. जागा कमी पडायला लागल्यावर जहाजाच्या तिन्ही रिकाम्या खाचांत हॉलरने कार्गो एक्स्पांडर बसवले. त्याच खाचांत बल्कहेड बसवले असते तर सांगाडा मजबूत झाला असता. एक्स्पांडरने जागा वाढते आणि सांगाडा कमकुवत होतो. जहाज होतं ऑबेलिस्क, किंमत 1.6 अब्ज, तिचं स्वतःचं.

भरून झाल्यावर माल 6.4 अब्जांचा होता. ही बेरीज आम्ही नंतर केली. त्या वेळी जो तो आपल्यापुरता आकडा धरून होता. मी माझे 70 कोटींचे ब्लूप्रिंट शेवटच्या वीस मिनिटांत चढवले, आणि लॉगमध्ये माझं वाक्य आहे: "एवढ्याने काय फरक पडतोय."

फरक पडतो तो असा. स्वस्त डिस्ट्रॉयर, कॅटलिस्ट, शस्त्रांसकट आमच्या हिशेबाने 1.2 कोटीला पडतं. आमच्यावर आली 22, म्हणजे 26 कोटींचा खर्च. 6.4 अब्जांतला निम्मा माल वाचेल असं धरलं तर अपेक्षित लूट 320 कोटींची. मालवाहू जहाज एक अब्ज घेऊन चाललं असेल तर अपेक्षित लूट 50 कोटी, ती वीस-बावीस जणांत वाटायची, वर त्यांची जहाजं गेलेली. ते तरीही मारतात, कधी नुसत्या गमतीने मारतात, पण त्याच रांगेत आणखी कुणी भरलेलं येत असेल तर त्याची वाट पाहतात. आमचा नियम ज्याने लिहिला त्याने हे गणित केलेलं होतं. आम्ही नऊ जणांनी मिळून त्या जहाजाला रांगेतलं सगळ्यात भरलेलं जहाज बनवलं.

त्या रात्रीचा प्रवास

हॉलरने ऑटोपायलट लावला नव्हता, ती स्वतः चालवत होती. हे मुद्दाम लिहितो, कारण नंतर जे पसरवलं गेलं त्यात "झोपली असेल" असंही होतं.

ठरल्याप्रमाणे दोन माणसं सोबत असायची होती. एक वेबर आणि एक स्काउट, म्हणजे पुढे जाऊन टेहळणी करणारा. वार्पमध्ये, म्हणजे ताऱ्याच्या आतल्या अतिवेगवान प्रवासात जायला जहाजाला कमाल वेगाच्या 75 टक्के वेग गाठावा लागतो. मालवाहू जहाजाला त्यासाठी चाळीसेक सेकंद लागतात. वेबर जाळं टाकून त्याचा कमाल वेगच खाली आणतो, मग ते 75 टक्के चटकन गाठले जातात आणि जहाज काही सेकंदांत निसटतं. आपल्याच माणसाने आपल्याला ओढून धरायचं आणि त्यामुळे आपण वेगाने पळायचं, ही या खेळातली माझी सर्वांत आवडती उलटी गोष्ट. तर वेबर निघायच्या वेळी आलाच नाही. तो युद्धाच्या चर्चेच्या व्हॉइस चॅनेलमध्ये अडकला होता. हॉलरने विचारलं, "थांबू का?" प्रमुखाचं उत्तर होतं, "तुझ्यावर आहे."

हे दोन शब्द मी नंतर खूप वेळा वाचले. ऐकायला विश्वास टाकल्यासारखे वाटतात. पण मालाची किंमत तिला कुणी सांगितली नव्हती, मुदत दुसऱ्याने ठरवली होती, माल नऊ जणांचा होता. तिच्यावर टाकलेला निर्णय एवढाच उरला होता की बटण कधी दाबायचं.

स्काउट तीन आठवड्यांचा नवा मुलगा होता. तो एक उडी पुढे होता. उएदामातून त्याने कळवलं: "लोकलमध्ये 40 जण. गेट शांत." (लोकल म्हणजे त्या ताऱ्यात असलेल्या सगळ्यांची नावं दाखवणारं चॅनेल.) दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि दोन्ही निरुपयोगी. नेहमी गँक करणाऱ्यांचं सुरक्षा मानांकन −10 पर्यंत घसरलेलं असतं. हायसेकमध्ये ते उघड्यावर रेंगाळले तर पोलीस मागे लागतात. म्हणून ते स्टेशनच्या आत बसून राहतात आणि सावज अडकलं की मगच बाहेर पडतात. हल्ल्याच्या मिनिटभर आधीपर्यंत गेट शांतच दिसतं. बघायची असतात ती लोकलमधली नावं आणि त्यांच्या शेजारच्या खुणा. आम्ही त्याला "धोका दिसला तर सांग" म्हणालो होतो. धोका कसा दिसतो ते सांगितलंच नव्हतं.

दोन उड्या आधी एक गोष्ट झाली होती. एका गेटवर अनोळखी छोट्या जहाजाने ऑबेलिस्कला लॉक केलं, म्हणजे त्यावर नेम धरला, आणि दोन-तीन सेकंदांत सोडून दिलं. मालाची तपासणी अशीच होते. हॉलरला ते लक्षात आलं. तिने लिहिलं: "कोणीतरी लॉक केलं होतं मला." त्या ओळीखाली एकाने अंगठा दाखवला आहे. पुढच्या सात ओळी युद्धाबद्दल आहेत.

माझ्या मते निर्णयाचा खरा क्षण हाच. त्याच ताऱ्यात स्टेशन होतं. ती तिथे डॉक करून थांबली असती, वेबरची वाट पाहिली असती, अर्धा माल उतरवला असता, तर बहुधा काहीच झालं नसतं. नंतर मी तिला विचारलं, का थांबली नाहीस? ती म्हणाली, "मी सांगितलं होतं ना. कुणीच काही बोललं नाही. मला वाटलं, ठीक असेल."

उएदामात शिरल्यावर गेटचं आवरण 60 सेकंद झाकून ठेवतं. तेवढ्यात तिला एक मकारियल, म्हणजे मोठी वेगवान युद्धनौका, येताना दिसली. ती तरीही निघाली, कारण थांबून करायचं काय हे ठरलेलं नव्हतं. मकारियलने धडका मारायला सुरुवात केली. धडक मारणं हा गुन्हा धरला जात नाही, त्यामुळे कॉन्कॉर्ड येत नाही. पण दिशा बिघडते, वेग जुळत नाही, वार्प लागत नाही. दोन मिनिटं हे चाललं. मग 22 कॅटलिस्ट एकदम उतरली. कॉन्कॉर्ड आला तेव्हा ऑबेलिस्कचे अवशेष तरंगत होते. कॉन्कॉर्डने बावीसच्या बावीस उडवली आणि दुसऱ्याच एका जहाजाने आमचा वाचलेला माल उचलला.

नंतरचे दोन दिवस

जहाज फुटलं की खेळ त्याची नोंद करतो, तिला किलमेल म्हणतात, आणि ती सहसा सार्वजनिक होते. तिच्यावर मारणाऱ्यांची नावं असतात, काय गेलं त्याची यादी असते, आणि गमावणाऱ्याचं एकच नाव असतं. माल कुणी चढवला, मुदत कुणी घातली, वेबर कुठे होता, याला तिथे रकाना नाही. आमच्या चॅनेलवरची पहिली वीस-पंचवीस वाक्यं जणू त्या किलमेलकडे बघूनच लिहिलेली आहेत. "एक्स्पांडर कुणी लावले?" "चालवणाऱ्याची जबाबदारी असते." आणि ते पिन केलेलं वाक्य तिला दोनदा पेस्ट करून दाखवलं गेलं.

एका सदस्याने सपोर्टकडे तक्रार केली. उत्तर अपेक्षितच होतं: खेळाच्या नियमांत राहून झालेलं नुकसान भरून दिलं जात नाही. मला ते योग्यच वाटतं. ज्यांनी आम्हाला मारलं त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी आमच्यापेक्षा चांगली तयारी केली होती.

त्यांच्यातल्या एकाने मात्र हॉलरला व्हॉइस चॅनेलवर बोलावलं, "थोडा माल परत देऊ, ये बोलायला." ती गेली नाही, आणि ते बरं झालं. अशा बोलावण्यांचा इतिहास चांगला नाही. 2012 च्या वार्षिक मेळाव्यात एका बड्या खेळाडू-नेत्याने व्यासपीठावरून एका हताश खेळाडूला आणखी छळायला उत्तेजन दिलं, तेव्हा सीसीपीने त्याच्यावर 30 दिवसांची बंदी घातली. 2014 मध्ये फसवलेल्या खेळाडूला खेळाबाहेरच्या चॅनेलवर तासन्‌तास हिणवल्याचं प्रकरण गाजलं, आणि खेळाबाहेरचा छळही खपवून घेणार नाही असं कंपनीला जाहीर करावं लागलं. जहाज फोडणं हा खेळ आहे. समोरच्या माणसाला फोडणं त्यात येत नाही, आणि 'तू स्वतः आलास ना' हे उत्तर तिथे चालत नाही.

दुसऱ्या रात्री हॉलरने लिहिलं की ती खरे पैसे भरून प्लेक्स नावाची खेळातली वस्तू विकत घेईल, खेळाच्या बाजारात विकेल आणि सगळ्यांचं नुकसान देईल. हे नियमात बसतं. 8 अब्जांचे खऱ्या पैशांत किती होतात हे तिने मोजून ठेवलं होतं. दोन जण गप्प राहिले, एकाने "तुझी इच्छा" असं लिहिलं. तेव्हा कुठे प्रमुखाला जाग आली. त्याने चॅनेल बंद केलं आणि लिहिलं, "कुणीही खरे पैसे घालणार नाही. उद्या बसून ठरवू."

भरपाईचा निर्णय

चार मार्ग मांडले गेले. सगळं हॉलरने द्यावं. सगळं कॉर्पच्या तिजोरीतून द्यावं. ज्याचा माल त्याने सोसावं. किंवा मिश्र काहीतरी. तिजोरीत होते 2.1 अब्ज, त्यामुळे दुसरा मार्ग आपोआप बाद झाला.

ठरलं ते असं: जहाजाची किंमत कॉर्प देईल, 1.6 अब्ज, कारण ते कॉर्पच्या कामावर होतं. दोन नव्या सदस्यांचं सगळंच त्या जहाजात होतं आणि त्यांना तसं करायला आम्हीच सांगितलं होतं, त्यांचे 35 कोटी पूर्ण द्यायचे. बाकी सात जणांनी आपापलं सोसायचं. तिजोरीत 15 कोटी उरले.

एक जुना सदस्य यावर कॉर्प सोडून गेला. त्याचं म्हणणं असं की चालवणाऱ्यावर काहीच जबाबदारी उरली नाही, तर उद्या कोण काळजी घेईल? मुद्दा पोकळ नव्हता. लॉक झाल्यावर पुढे जाणं हा तिचाच निर्णय होता, आणि तिनेही तो नाकारला नाही. पण सगळा भार चालवणाऱ्यावर टाकला तर बाकी तेरा जण पुढच्या वेळीही "अजून जागा आहे का" एवढंच विचारतील. धोका पत्करणारा आणि धोका वाढवणारा वेगवेगळे असतील, तर एकालाच दंड करून दुसरा काही शिकत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मालाची बेरीज चालवणाऱ्याने करायची नाही, भरणाऱ्याने करायची, हा बदल आम्ही नंतर केला. माल चढवणारा प्रत्येक जण आपला आकडा आणि चालू बेरीज चॅनेलवर लिहितो. एक अब्ज झाले की जहाज बंद, आणीबाणी असली तरी. स्काउटला आता पाच ओळींची यादी दिली जाते: कोणती नावं, कोणतं जहाज, कुठे. आणि "लॉक झालं" असं कुणी लिहिलं तर फेरी थांबते, पुढे न्यायची असेल तर दुसऱ्या कुणीतरी शब्दांत उत्तर द्यावं लागतं. अंगठा चालत नाही.

जे बदललं नाही ते म्हणजे मुदतीबद्दलची सवय. नोटीस आली की आजही पहिली प्रतिक्रिया हलवाहलवीचीच असते. त्याला काय करावं मला सुचलेलं नाही.

निकाल

ज्यांनी युद्ध पुकारलं ते रायतारूकडे एकदाही फिरकले नाहीत. आठवडा संपला, युद्ध संपलं.

पुढच्या काही महिन्यांत आमचं आणखी एक मालवाहू जहाज उएदामातच गेलं, 80 कोटींच्या मालासकट. त्या रात्रीच्या लॉगमध्ये सहा ओळी आहेत आणि त्यांतल्या दोन विनोदाच्या.

हॉलर अजून कॉर्पमध्ये आहे. ती आता स्काउटिंग करते आणि नव्या मुलांना लोकलमधली नावं वाचायला शिकवते. कॉर्पने दिलेल्या 1.6 अब्जांचं तिने नवीन ऑबेलिस्क घेतलं. ते जिताच्या हँगरमध्ये उभं आहे, तिन्ही खाचांत बल्कहेड, आत माल नाही. मधून मधून कुणी तरी विचारतं, फेरी मारणार का. ती आधी विचारते, किती अब्ज?